जांभळी किरनं

उजव्या हाताची मूठ सूर्यासमोर धरायची, एक डोळा मिटायचा आणि मग एकेक बोट हळूहळू उघडत जायचं. बोटांच्या फटींतून ऊन काकांच्या चेहऱ्यावर पट्ट्यापट्ट्यांनी उतरायचं. तेवढ्यात कोणी घाई केलीच, तर मान न वळवता म्हणायचे, "थांब. अजून किरनं फुटायची हायत."

किरणं नाही, किरनं. वसईतल्या पाचूबंदरच्या कोळीवाड्यात जन्मलेल्या या माणसाच्या तोंडी ‘ण’ कधी आलाच नाही. पानी, कोन, किरन. मी लग्न होऊन सांगलीकडून बोळिंजला आलेली. सुरुवातीला मला त्या शब्दाचं हसू यायचं. आता मात्र फोटोवर काम करताना मनातल्या मनात मीसुद्धा किरनंच म्हणते.

तुम्ही कधी सकाळच्या वेळी वसईच्या किल्ल्यात गेला असाल, तर लग्न ठरलेल्या जोड्यांचे फोटो काढणारे लोक तुम्ही पाहिलेच असतील. त्या गर्दीत उतारवयाचा, पॅन्ट घोट्यापर्यंत दुमडलेला, गळ्यात कॅमेरा असूनही काहीच न करता आभाळाकडे बघत उभा असलेला एक माणूस तुमच्या नजरेला पडला असेल, तर ते आमचे काका असणार. बाकीचे फोटोग्राफर भराभर शंभर फोटो काढून दुसऱ्या भिंतीकडे सरकायचे. काका आपले उभेच.

पारनाक्याजवळच्या एका फोटो स्टुडिओत मी एडिटिंगच्या कामाला लागले तेव्हा ते तिथले जुने फोटोग्राफर होते. ते बाहेर जाऊन फोटो काढायचे, मी आत बसून संगणकावर ते नीट करायचे. मालक त्यांना किरणमास्तर म्हणायचे, अर्थात चिडवण्यासाठी. मी काका म्हणायचे आणि ते मला बाय.

एकदा भुईगावच्या सुरूच्या बनात एका जोडप्याचे फोटो होते. मीही मदतीला गेले होते. नवरी मेकअप करून, जड घागरा सावरत उभी, आणि काका झाडांमधून फिरत कुठे ऊन कसं पडेल ते बघत होते. शेवटी नवऱ्यामुलाने कंटाळून विचारलं, अजून किती वेळ लागेल. काकांनी बोट वर करून सूर्य दाखवला आणि म्हणाले, "त्याला विचार." मग पिशवीतून वसईची केळी काढून दोघांच्या हातात दिली आणि खायला बसवलं. त्या जोडप्याचा सगळ्यात चांगला फोटो तोच निघाला. दोघांच्या तोंडात केळं, दोघं हसतायत आणि वरून झाडांमधून उन्हाचे तिरपे झोत.

ते झोत आपोआप आले नव्हते. काकांच्या पिशवीत एक पत्र्याचा डबा असायचा आणि त्यात नारळाची सुकलेली सोडणं, म्हणजे वरची काथ्याची सालं. ती पेटवून फुंकर मारून विझवायची, की दाट पांढरा धूर निघायचा. धूर झाडांमध्ये पसरला, की उगाच चकाकणाऱ्या उन्हाला एकदम आकार यायचा. मला ते समजावून सांगायचे, किरण नुसतं असून दिसत नाही, हवेत काहीतरी लागतं, धूर, धूळ, धुकं, नाहीतर पाण्याचे तुषार. त्या दिवशी धूर बघून सकाळी फिरायला आलेली मंडळी धावत आली. बनाला आग लागली असं त्यांना वाटलं. चांगलीच बोलणी बसली. काकांनी ती खाली मान घालून ऐकून घेतली. मंडळी गेली, पण त्यांतले एक आजोबा मागे रेंगाळले. थोड्या वेळाने बघते तर ते हातातल्या वर्तमानपत्राने वारा घालून धूर झाडांकडे ढकलत होते आणि काका त्यांना सांगत होते, थोडं डावीकडं.

तुम्हाला वाटेल, असा माणूस संगणकावर रंगवलेल्या किरणांना नाकं मुरडत असेल. उलट होतं. त्यांना ते मनापासून आवडायचं. दुपारी जेवण झालं, की स्टूल ओढून माझ्या शेजारी बसायचे. लोकांना फोटोत किरणं हवी असायची, सोनेरी, गुलाबी, इंद्रधनुष्यासारखी. उमेळ्याच्या वाडीतल्या बारशाच्या फोटोत, किल्ल्याच्या कमानीत, अगदी मळभ असलेल्या दिवशीच्या फोटोतसुद्धा. मी ती घालायची आणि काका बघायचे. त्यांचा नियम एकच होता. आधी माणसाच्या नाकाची कुठली बाजू उजळ आहे ते बघायचं आणि किरण तिकडूनच आणायचं. "ऊन खोटं चालंल, पन त्याची बाजू खोटी नको," म्हणायचे.

आचोळ्याच्या एका होतकरू पुढाऱ्याचा वाढदिवसाचा बॅनर आमच्याकडे आला होता. त्यांना डोक्यामागून चारी दिशांना फाकलेली किरणं हवी होती. मी मुकाट्याने घालायला घेतली. काका शेजारी उभे होते. ते अतिशय नम्रपणे म्हणाले, साहेब, सूर्य पाठीमागं घेतला तर तोंड काळं येतं. साहेबांनी ‘तोंड काळं’ एवढंच ऐकलं असावं. किरणं बाजूने घ्यायला ते लगेच तयार झाले. ते गेल्यावर मी हसून हसून टेबलावर डोकं टेकलं. काकांना मात्र आपण काही विनोद केला असं वाटलंच नव्हतं. ते मला खरंच सांगू लागले, की मागून प्रकाश आला, की चेहरा काळा येतोच, त्यात काय हसायचं.

पण एका बाबतीत ते हट्टी होते. कुठल्याही फोटोत किरणं घालताना शेवटी म्हणायचे, "बाय, थोडं जांभळं घाल ना." मी घालायची. मग म्हणायचे, कडेला जरा तांबूस, घासलेल्या तांब्याच्या भांड्यासारखं. मी तेही करायची. मग ते पडद्याजवळ तोंड नेऊन बराच वेळ बघायचे आणि मागे सरकून म्हणायचे, जवळ आलं, पण ते नाही. कसलं ते, असं विचारलं, की उठून चहा सांगायला जायचे. गिऱ्हाईकांना जांभळी किरणं फारशी आवडायची नाहीत. लग्नाच्या फोटोत जांभळं कशाला, म्हणायचे. मग मी तो रंग एखाद्या कोपऱ्यात पुसट करून ठेवायची. काकांना तेवढंही पुरायचं.

वर्षं अशीच चालली होती. मला मुलगी झाली, मी काही महिने घरी राहून परत आले, काकांचे केस पांढरे झाले. त्यांनी लग्न केलेलं नव्हतं. पाचूबंदरला वडिलांच्या घराचे दोन भाग झाले होते. एका भागात ते एकटे, दुसऱ्या भागात त्यांचा मोठा भाऊ, वहिनी आणि पुतणी. भावाची स्वतःची बोट होती. एवढं मला ठाऊक होतं. त्यांच्या डब्यात बोंबलाचं कालवण असलं, की वहिनीने पाठवलं म्हणायचे. भावाचं नाव मात्र त्यांच्या बोलण्यात कधी यायचं नाही.

एके दिवशी ती पुतणीच स्टुडिओत आली. उंच, सावळी, खांद्याला ऑफिसची बॅग, भरभर बोलणारी. तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा बोळिंजचाच, आमच्या सोसायटीच्या मागच्या इमारतीतला. काकांसमोर उभी राहून ती म्हणाली, "काका, माझा प्री-वेडिंग शूट तुम्हीच करायचा. आणि तो पप्पांच्या बोटीवर करायचा. मी पप्पांना सांगितलंय."

काकांनी विचारलं, "काय म्हनला?"

"काही नाही म्हणाले. पण नको असं पण नाही म्हणाले."

ती चहा घेऊन गेली. त्यानंतर काका लेन्स पुसत बसले. एकच लेन्स, पुन्हा पुन्हा. तेवढ्यात वीज गेली. संगणक बंद, पंखा बंद. दुपारची वेळ, रस्त्यावरही फारशी वर्दळ नव्हती. मी पुठ्ठ्याने वारा घेत बसले होते आणि काका आपणहून बोलायला लागले.

ते तरुणपणी भावाबरोबर मासेमारीला जायचे. वडील थकल्यावर भाऊ बोटीचा नाखवा झाला होता आणि हे त्याच्या हाताखाली. एका पहाटे खोल समुद्रात जाळं ओढायचं काम चाललं होतं. जाळ्याचा दोर यंत्राच्या रहाटावर गुंडाळला जात होता. दोराचं मोकळं टोक ताणून धरायचं काम काकांचं. सैल सोडायचं नाही, एवढंच. लांब पूर्वेला जमीन रेघेसारखी दिसत होती आणि तिच्यावर तुंगारेश्वरचा डोंगर. डोंगरामागे ढग होते. अचानक त्या ढगांतून किरणं फुटली. जांभळी. कडा तांब्यासारख्या. अर्धं आभाळ व्यापून ती पाण्यापर्यंत आली. काकांनी तसं काही आधी पाहिलं नव्हतं. ते बघत राहिले.

दोर त्यांच्या हातातून सैल झाला. भाऊ तो नीट लावायला पुढे झाला आणि त्याचा उजवा हात दोर आणि रहाट यांच्यामध्ये सापडला.

"दोन बोटं गेली," काका म्हणाले. "वरडला पन नाय तो. फडकं गुंडाळलं आनि डाव्या हातानं सुकानू धरून बोट घरी आनली."

किनाऱ्याला लागल्यावर भाऊ फक्त एवढंच म्हणाला होता, की उद्यापासून तू येऊ नको. त्यानंतर तो त्यांच्याशी बोलला नाही. भांडण नाही, शिव्या नाहीत. एका भिंतीपलीकडे राहून, एकाच विहिरीचं पाणी भरून, सणावाराला एकाच अंगणात बसून बोलणं मात्र बंद. काका वसईत एका फोटोवाल्याकडे पेट्या उचलायला लागले आणि तिथून त्यांचं हे सगळं सुरू झालं.

मी पुठ्ठा खाली ठेवला. एवढंच विचारलं, की तुम्हाला मग किरणांचा राग नाही आला?

त्यांनी लेन्स फडक्यात गुंडाळून ठेवली. मग म्हणाले, राग आला असता तर बरं झालं असतं. पण जे दिसलं ते एवढं चांगलं होतं, की त्याचा राग करता येईना, आणि कोणाला सांगताही येईना. भावाची बोटं गेली त्या वेळी मी काय बघत होतो हे कुठल्या तोंडाने सांगायचं. वीज आली. संगणक चालू होताना आवाज झाला आणि ते उठून बाहेर गेले.

दिवाळी झाल्यावर आम्ही बोटीवर गेलो. मीही होते, प्रकाश परतवायचा चंदेरी पडदा धरायला. पाचूबंदरच्या धक्क्यावर अजून उजाडायचं होतं. पुतणी अबोली रंगाची साडी नेसली होती, तिचा नवरामुलगा पांढऱ्या शर्टात. भाऊ आधीच बोटीवर सुकाणूजवळ बसला होता. काकांपेक्षा बुटका, रुंद खांद्यांचा, डोक्याला मफलर. काका चढले तेव्हा त्याने बघितलंही नाही. काका पुढच्या टोकाला जाऊन बसले, भाऊ मागच्या टोकाला, मधे आम्ही.

थोडं आत गेल्यावर बोट हलायला लागली आणि नवऱ्यामुलाचा चेहरा उतरला. तो कठड्यावर वाकून ओकायला लागला. पुतणी एका हाताने त्याची पाठ चोळत होती आणि दुसऱ्या हाताने त्याचा शर्ट सांभाळत होती. कोळ्याचा जावई, ती पुटपुटली. भावाच्या ओठांवर जरा हसू आल्यासारखं वाटलं.

मग त्याने इंजिन बंद केलं आणि नांगर टाकला. किल्ल्याची तटबंदी आणि खाडी आमच्या पूर्वेला होती, त्यामागे डोंगर. पाण्याला ओढ होती. नांगराचा दोर अजून बांधायचा होता आणि भाऊ मागे इंजिनापाशी काहीतरी करत होता. तो मुलीला म्हणाला, त्याला सांग, दोर धर म्हणावं. मुलीने सांगायची गरज नव्हती. काकांनी ऐकलं होतं. त्यांनी कॅमेरा गळ्यात लटकवला आणि दोर दोन्ही हातांनी घट्ट पकडला.

आणि नेमकी तेव्हाच डोंगरामागून किरणं फुटली.

धुकं होतं, त्यामुळे प्रत्येक किरण वेगळं दिसत होतं. पंखा उघडावा तशी ती खाडीवर पसरली. पुतणी नवऱ्यामुलाला घेऊन पुढे उभी राहिली. त्याचाही रंग परत आला होता. "काका," तिने हाक मारली. काका हलले नाहीत. त्यांची मान खाली होती. डोळे हातातल्या दोरावर. मी त्यांच्या जवळच होते. दोर इतका आवळला होता, की त्यांच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती. तिने पुन्हा हाक मारली. त्यांनी वर बघितलं नाही.

भाऊ मागून चालत आला. घाई न करता, हलत्या बोटीवर सवयीचा माणूस चालतो तसा. काकांच्या समोर उभा राहिला आणि त्याने उजवा हात दोराला घातला. तीन बोटांचा तो हात मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

"सोड," तो म्हणाला. "मी धरतो."

काका म्हणाले, "सुटंल, दादा."

"नाय सुटत. काढ तुझी किरनं."

एवढंच बोलणं झालं. काकांनी हात काढले. पहिले काही फोटो हलले, ते मी नंतर संगणकावर पाहिले. एवढ्या वर्षांत त्यांचे हललेले फोटो मी पाहिले नव्हते. मग हात स्थिर झाला. पुतणीचे आणि नवऱ्यामुलाचे सुंदर फोटो निघाले. शेवटी काका वळले आणि त्यांनी एक फोटो भावाचा काढला. दोर धरलेला, किरणांच्या बाजूला तोंड केलेला, डोळे उन्हाने बारीक झालेले. भावाने तोंड फिरवलं नाही.

दुपारी काका त्या फोटोसाठी माझ्याशेजारी येऊन बसले. किरणं कॅमेऱ्यात पिवळसर आली होती, पिकल्या पपईच्या सालीसारखी. मी त्यांनी काही न सांगताच जांभळा रंग काढला. इतकी वर्षं तोच तर मागत होते. त्यांनी माझा हात थांबवला.

"नको, बाय. आज पिवळी होती. पिवळीच ठेव."

त्यानंतर त्यांनी माझ्याकडे जांभळं कधी मागितलं नाही. मला त्याची चुटपुट लागली, खरं सांगते. मला वाटत होतं, एक दिवस तो रंग मला जमेल आणि ते म्हणतील, हेच. ते राहूनच गेलं. तो रंग कसा होता हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं.

भावाने तो फोटो बघितल्यावर काय झालं ते काकांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. भाऊ आधी म्हणाला, हात दिसतोय. वहिनी म्हणाली, दुसरा काढून घ्या. मग भाऊ म्हणाला, दिसू दे.

पुतणीचं लग्न झालं. लग्नाच्या मांडवात दोघे भाऊ शेजारी बसले होते. फार बोलत नव्हते, पण एकमेकांच्या ताटात वाढत होते. त्यानंतर काकांचं स्टुडिओत येणं हळूहळू कमी होत गेलं. ज्या दिवशी फोटोचं काम नसेल त्या दिवशी पहाटे भावाबरोबर बोटीवर जायला लागले. त्या वयात, गुडघे दुखत असताना. मी विचारलं, तिथे काय करता? म्हणाले, दोर धरतो. आणि हसले.

तोपर्यंत आमचं कामही आटत चाललं होतं. लोक आपल्या फोनवरच बोट फिरवून किरणं घालत होते, हवी तेवढी, हव्या त्या बाजूने. मालकांनी स्टुडिओच्या जागी मोबाइलचं दुकान काढलं. मी घरून, बोळिंजच्या आमच्या हॉलच्या कोपऱ्यात बसून, लांबच्या शहरांतल्या फोटोग्राफरांसाठी एडिटिंग करायला लागले. काम बरं आहे. पण शेजारी स्टूल ओढून कोणी बसत नाही. कधीकधी एखाद्या फोटोत प्रकाश घालून झाला, की माझी मान आपोआप डावीकडे वळते, कसं वाटतं हे विचारायला. तिकडे धुतलेल्या कपड्यांचा स्टँड आहे.

काका सकाळी मला फोनवर फोटो पाठवायचे. बोटीवरून काढलेले. खाली एक अक्षर नाही, नुसतं आभाळ. मुलीचा डबा भरता भरता फोन वाजायचा आणि ओट्यावर किरणं पसरायची. कधी गुलाबी, कधी राखाडी, कधी काहीच नसलेलं सपाट आभाळ. तेही पाठवायचे. मी हाताला लागलेलं पीठ पुसून दोन बोटांनी फोटो मोठा करायची, कोपरे बघायची, आणि उत्तरात ‘पाहिला’ एवढंच लिहायची. त्यांना तेवढं पुरत असावं. मला अजून काही लिहावंसं वाटायचं, पण पोळी करपायची वेळ असायची.

पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढतात, म्हणून फोटो यायचे थांबले. मी नारळी पौर्णिमेची वाट बघत होते. त्याआधीच एका दुपारी पुतणीचा फोन आला. काका जेवून आडवे झाले होते. वहिनी चहाला हाक मारायला गेली तेव्हा उठले नाहीत. ती सांगत होती आणि मी खिडकीतून बाहेर बघत होते. समोरच्या इमारतीवर पाऊस पडत होता.

मी गेले तेव्हा सगळं आटोपलं होतं. पुन्हा गेले ती पाऊस उघडल्यावर. पाचूबंदरला बोंबील वाळत घालायच्या काठ्या पुन्हा उभ्या राहिल्या होत्या. भाऊ धक्क्याजवळ, उलट्या टोपलीशेजारी जाळं शिवत बसला होता. त्याने मला ओळखलं. वहिनीला चहा करायला सांगितला. तीन बोटांनी सुई चालवत तो आपणहून म्हणाला, की घरात लावायला त्याचा फोटो नाही. मी म्हटलं, लग्नातले आहेत ना. तुमच्या मुलीने मला पाठवलेत.

"त्यात तो ताठ बसलाय," भाऊ म्हणाला. "पाहुन्यासारखा. कामातला हाय का तुमच्याकडं एखादा? मी त्याला काम करताना कधी नीट बघितला नाय."

बघते, असं सांगून मी घरी आले. जुने सगळे फोटो माझ्याकडे होते. किल्ला, भुईगाव, अर्नाळा, राजोडी, वाड्या, देवळं, चर्चची आवारं. हजारो माणसं. ती सगळी ज्याच्याकडे बघून हसत होती तो माणूस मात्र एकाही फोटोत नव्हता. असणार कसा. दोन दिवस मी मधल्या वेळात शोधत राहिले आणि भावाला काय सांगायचं याचा विचार करत राहिले.

मग राजोडीच्या किनाऱ्यावरचा एक फोटो उघडला. न कापलेला, मूळचा. संध्याकाळचं ऊन काकांच्या पाठीमागून आलेलं, समोर ओल्या वाळूवर एक जोडपं चपला हातात घेऊन उभं. आणि खालच्या कडेपासून त्यांच्या पायांपर्यंत लांबच लांब सावली. एक गुडघा वाकलेला, दोन्ही कोपर पंखांसारखे बाहेर, डोळ्याला लावलेला कॅमेरा, वाऱ्याने उडालेला शर्टाचा एक कोपरा. असे फोटो आले, की खालचा भाग कापून टाकायचा ही आमच्या कामातली रोजची गोष्ट. गिऱ्हाईकाला फोटोग्राफरची सावली नको असते.

मी तो मोठा छापून घेतला. रंगाला हात लावला नाही.

भावाने फोटो हातात घेतला. आधी त्या जोडप्याकडे बघत राहिला, हे कोण, अशा नजरेने. मी काही सांगणार तेवढ्यात त्याला सावली दिसली.  मग त्याने टोपलीवर फोटो पालथा ठेवला, जोडप्याचा भाग नखाने घडी मारून मागे दुमडला, आणि सुलटा करून पुन्हा बघितला. आता तिथे फक्त वाळू होती आणि तिच्यावर काका.

"असा वाकायचा होय," तो म्हणाला.

वाऱ्याने उडू नये म्हणून त्याने जाळ्याच्या वजनाचं एक शिसं त्या फोटोच्या कडेवर ठेवलं, टोपली ओढून आपल्या समोर घेतली आणि पुन्हा जाळं शिवायला लागला. प्रत्येक गाठ मारून झाली, की तो एकदा तिकडे बघत होता.